'गारंबीचा बापू' : परिसर, स्वभाव आणि खोती

श्री. ना. पेंडसे यांच्या 'एल्गार' (१९४९) व 'हद्दपार' (१९५०) या कादंबऱ्यांपाठोपाठ १९५२ साली 'गारंबीचा बापू' प्रसिद्ध झाली आणि 'प्रादेशिक कादंबरी' या संज्ञेला मराठी समीक्षेत भक्कम आधार मिळाला. तेव्हापासून या कादंबरीविषयी दोन विधाने सातत्याने केली जातात. बापू हा दापोलीकडील डोंगर-समुद्राने घडविलेला माणूस आहे, हे एक. आणि बापू हा जन्मजात बंडखोर आहे, हे दुसरे. दोन्ही विधाने एकाच दमात केली जातात. मात्र ती परस्परांशी कितपत जुळतात, हे क्वचितच तपासले जाते. प्रस्तुत निबंधात हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने आणि जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील पेण-रोहा भागाचा संदर्भ घेऊन पाहावयाचा आहे.

वंश, परिसर आणि काळ या त्रयीतून साहित्याची मीमांसा करण्याची रीत एकोणिसाव्या शतकात फ्रेंच विचारवंत तेन याने रूढ केली. झोलाने तीच कादंबरीलेखनात उतरविली. पेंडशांच्या संदर्भात मात्र नाव घेतले जाते ते थॉमस हार्डीचे, आणि तुलनाही बहुधा निसर्गवर्णनापाशी थांबते. वास्तविक 'द मेयर ऑफ कास्टरब्रिज' (१८८६) मधील हेंचर्ड बापूच्या अधिक जवळचा आहे. तोही व्यापारात वर येतो, तोही हट्टी आणि तापट. परंतु हेंचर्डचा स्वभाव त्याला अखेरीस बुडवितो, तर बापूचा स्वभाव त्याला तारतो. स्वभाव सारखे असून फळ वेगळे मिळत असेल, तर त्याचे कारण स्वभावाबाहेर शोधावे लागेल.

गारंबीचा खरा परिसर म्हणजे अण्णा खोत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सुपारीच्या बागा, डोंगर, व्याघ्रेश्वराचे देऊळ हे सर्व कादंबरीत आहे आणि ते सुंदरही आहे. पण माणसाने कोणापुढे मान लववावी, कोणाच्या घरी राबावे, कोणाशी बोलू नये, हे तेथे निसर्ग ठरवीत नाही, खोत ठरवितो. खोती ही मुळात सारावसुलीची व्यवस्था. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये उभा असलेला खोत सरकारला ठरलेला सारा भरी आणि कुळाकडून पिकाचा वाटा घेई; त्याखेरीज वेठही घेई. १८८० च्या खोती कायद्याने रत्नागिरी जिल्ह्यातील खोतांच्या हक्कांना कायदेशीर चौकट मिळाली. कुलाबा व ठाणे जिल्ह्यांच्या काही भागांतही ही पद्धत होती. अशा गावात 'चारित्र्य' या शब्दाला निराळाच अर्थ प्राप्त होतो. ज्याचे खोताशी बरे, तो सुशील.

बापू हा खोताच्या घरी राबणाऱ्या गरीब विठोबाचा मुलगा. गावाने ठरवून दिलेली लाचारी तो नाकारतो, हॉटेल चालविणाऱ्या राधेशी नाते जोडतो, बहिष्कार सोसतो आणि सुपारीच्या व्यापारात पैसा मिळवून गावाला आपली दखल घ्यावयास लावतो. येथे व्यापाराची निवड महत्त्वाची आहे. सुपारीचा भाव गावात ठरत नाही, बाजारात ठरतो. खोताची सत्ता जमिनीवर आणि जमिनीमुळे माणसांवर चालते. पेठेवर चालत नाही. बापूच्या रगेल वृत्तीला नेमकी हीच फट सापडली. ती सापडली नसती तर त्याच वृत्तीचे वर्णन गावाने 'वाया गेलेला' या दोन शब्दांत केले असते.

आता कुलाब्याकडे वळू. पेणहून अलिबागकडे जाताना पोयनाडजवळ चरी हे गाव लागते. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सुमारे सहा वर्षे खोत-सावकारांची जमीन कसण्यास नकार दिला. लाकूडफाटा विकून, खाडीत मासे पकडून त्यांनी दिवस काढले. याच काळात, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला. खोतीचाच जाच, पण उत्तर संपूर्णपणे वेगळे. खारेपाटातील शेती ही बांधावर उभी असते. शेजाऱ्याच्या हद्दीत बांध फुटला तर भरतीचे पाणी आपल्याही शेतात येते, त्यामुळे एकट्याच्या रगेलपणाला तेथे फारसा अर्थ उरत नाही. अर्थात, संपाचे सारे श्रेय भूगोलाला देणे म्हणजे पुन्हा तेनचीच चूक करणे होय. संघटना माणसांनी बांधली, खाडीने नव्हे.

आणखी एक भेद अप्रिय असला तरी नोंदविला पाहिजे. बापू गरीब आहे, पण ब्राह्मण आहे. बहिष्कृत झाल्यावरही पत, ओळखी आणि वावर यांचे जे भांडवल त्याच्यापाशी शिल्लक राहते, ते आगरी वा कुणबी कुळापाशी प्रारंभापासूनच नव्हते. चरीच्या एखाद्या कुळाने एकट्याने बापूसारखे बंड केले असते, तर त्याची जमीन दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडे गेली असती. म्हणजे ज्याला आपण जन्मजात स्वभाव म्हणतो, तो दिसू लागण्यासाठीही सामाजिक स्थान लागते. पेंडशांनी हे सांगितलेले नाही. त्यांच्या कथानकातून मात्र ते निसटून बाहेर येते, आणि मोठ्या लेखकाकडून अशीच अपेक्षा असते.

१९४९ चा खोती निर्मूलन कायदा १९५० मध्ये अंमलात आला. दोन वर्षांनी कादंबरी आली. मुर्डीत जन्मलेले पेंडसे तेव्हा मुंबईकर होते, 'बेस्ट'मध्ये नोकरी करीत होते. मावळत्या सत्तेचे चित्र दुरून काढणाऱ्या लेखकाला अण्णा खोताविषयी भय उरले नव्हते, म्हणूनच त्याला माणूस म्हणून रंगविणे शक्य झाले असावे. पेण-रोह्याकडील वर्गांत ही कादंबरी शिकविताना विद्यार्थी बापूवर लुब्ध होतात. मात्र ज्यांच्या आजोबा-पणजोबांची नावे सात-बारावर कूळ म्हणून लागली, त्यांच्यापैकी एखादा हमखास विचारतो की, सर, अण्णा खोताची कुळे कोठे आहेत? ती गारंबीत आहेत, फक्त कथानकाच्या केंद्रस्थानी नाहीत.