‘कोझी’ची ऊब

‘कोझी’ हा शब्द इंग्रजीस स्कॉटलंडने दिला. १७०९च्या सुमारास तेथील बोलीत तो ‘कोल्सी’ या रूपात आढळतो. त्याचे मूळ समुद्रापलीकडे नॉर्वेत असावे, असा काही भाषाकोविदांचा तर्क आहे. ‘कूसेली’ हा शब्द तेथे आजही अशाच अर्थी रूढ आहे. पुढे १९व्या शतकाच्या उत्तरार्धात चहाच्या किटलीवर घालावयाच्या जाड टोपडीलाही इंग्रजांनी हेच नाव दिले.

परंतु या शब्दाचे खरे मर्म उमगले ते रॉबर्ट बर्न्स या शेतकरी कवीला. १७८५ साली त्याने उंदरावर रचलेल्या कवितेत हा शब्द येतो. हिवाळा निभावून नेण्यासाठी त्या इवल्या जिवाने शेतात उबदार घरटे बांधले होते. नांगराच्या फाळाने ते क्षणात उद्ध्वस्त झाले. कवीने हा शब्द योजला तो त्याच मोडलेल्या घरट्यासाठी.

बाहेर वारा घोंघावत असता आत लाभलेला निवारा, आणि तो केव्हाही हिरावला जाईल ही जाणीव, अशी दोन्ही अंगे तेथे या एका शब्दात एकवटली आहेत. ज्याने गारठा सोसला, त्यालाच ऊब कळते. म्हणूनच हा शब्द महालापेक्षा झोपडीस अधिक शोभतो.