सागाच्या खोडांतील दुष्काळ

दुष्काळाचा इतिहास म्हटला म्हणजे सरकारी अहवाल, धान्याच्या दरांचे तक्ते आणि वृद्धांच्या आठवणी यांकडे अभ्यासकाची दृष्टि वळते. बुलढाणा जिल्ह्यांत याखेरीज आणखी एक दप्तर उभें आहे. उत्तरेस जळगांव-जामोद व संग्रामपूर यांच्या अंगाला सातपुड्याचे उतार, आणि घाटावर अजिंठ्याच्या रांगेंतील ज्ञानगंगेचें खोरें. या दोन्ही ठिकाणच्या कोरड्या रानांत साग आहे. उष्ण प्रदेशांतील पुष्कळ झाडांचीं वलयें पुसट असतात. सागाचीं मात्र स्पष्ट दिसतात.

उन्हाळ्यांत साग निष्पर्ण होतो व खोडाची वाढ थांबते. नवी पालवी फुटून मृगाचा पाऊस आला कीं प्रथम मोठ्या छिद्रांचें लांकूड बनतें, पुढें तें घट्ट होत जातें. असें एक वलय म्हणजे एक वर्ष. पण लांकडाचें अन्न तयार होतें तें वर, पानांत. अन्न कमी पडलें म्हणजे झाड आधीं पालवी व मुळें सांभाळतें. खोडाचा वांटा मागाहून. म्हणून पर्णभार विरळ झाला, शेंडा वाळला, कीं वलय अरुंद होतें. कधीं बुंध्याशीं तें उमटतच नाहीं. उलट, भर पावसाळ्यांत मोठी उघडीप पडली तर एकाच वर्षीं खोटें दुसरें वलयही दिसतें. नुसतीं वलयें मोजून वय सांगणारा म्हणूनच फसतो.

अमेरिकेंतील ज्योतिषी डग्लस यांनीं अनेक झाडांचीं वलयें परस्परांशीं जुळवून हा दोष काढला, आणि १९२९ मध्यें त्याच रीतीनें तेथील प्राचीन वस्त्यांचा काळ ठरविला. जावांतील सागावर बर्लागे यांचा निबंध १९३१ मध्यें निघाला. ठाण्याच्या सागाचा अभ्यास पुण्याच्या हवामानसंस्थेंतील पंत व बोरगांवकर यांनीं १९८३ मध्यें प्रसिद्ध केला. २०१० मध्यें बोरगांवकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केरळांतील सागावरून १४८१ पासून २००३ पर्यंतची, ५२३ वर्षांची मालिका मांडली. तींत मोसमी पावसानें दगा दिल्याचीं वर्षें अरुंद वलयांनीं ओळखूं येतात. यासाठीं झाड पाडावें लागत नाहीं. पोकळ गिरमिटानें पेन्सिलीहून बारीक कांडी काढली कीं पुरे.

आतां १८९९ सालचा वऱ्हाड घ्या. पाऊस बुडाला; गुरांना वैरण नाहीं; रानांतला पाला हाच आधार. अशा वेळीं सागाच्या अंगावर दोन आघात होतात, एक आभाळाचा व दुसरा कुऱ्हाडीचा, आणि दोहोंची खूण वरवर एकच: अरुंद वलय. तें पाहून केवळ अवर्षणाचा निवाडा देणें हा माणसांच्या हालांवर अन्यायच होय.

परंतु भेद करतां येतो. अवर्षण डोंगरउतारावरील बहुतेक सर्व झाडांवर एकदम उमटतें. कुऱ्हाड गांवाजवळच्या व पायवाटेवरच्या झाडांवर आधीं पडते. वणव्याचा व्रण खोडांत जळका राहतो. अळीनें सागाचीं पानें खाल्लीं तर शेजारच्या दुसऱ्या जातीच्या झाडाचें वलय त्या वर्षीं शाबूत असतें. शिवाय, पाऊस परतल्यावर तहानलेलें झाड सहसा थोड्याच वर्षांत सावरतें. ज्याच्या फांद्याच छाटल्या गेल्या, त्याला नवा पर्णभार धरेपर्यंत बारीक वलयांवरच दिवस काढावे लागतात. १८९९ नंतरचीं वलयें गांवालगतच्या जुन्या सागांत किती काळ बारीक राहिलीं आणि आंतल्या रानांत किती, हें शेजारींशेजारीं ठेवून पाहिलें म्हणजे पावसाचा वांटा कोणता व भुकेचा कोणता, तें निराळें काढतां येतें.