कोलंबानसांचा दंड

नोव्हेंबर महिन्याच्या २३ तारखेस आपल्या उपासनेच्या दिनदर्शिकेत संत क्लेमेंट यांच्या नावाखाली बारीक अक्षरांत आणखी एक नाव छापलेले असते : संत कोलंबानस, मठाधिपती. आमच्यापैकी बहुतेक धर्मगुरू त्या दिवशी क्लेमेंट यांची मिस्सा अर्पण करतात आणि दुसरे नाव तसेच मागे राहते. १६ ऑक्टोबरच्या पानावर तर संत गॅलस यांचे नाव शोधूनही सापडायचे नाही. परंतु आयर्लंडमधून युरोप खंडावर येणाऱ्या प्रवाशांपैकी जे आपल्या पूर्वजांचा माग काढीत येतात, त्यांच्यासाठी या दोन तारखा म्हणजे पानगळीपासून हिवाळ्यापर्यंतच्या यात्रेची दोन टोके आहेत. एक टोक स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन येथे, दुसरे उत्तर इटलीत ट्रेबिया नदीच्या खोऱ्यातील बॉबिओ या लहानशा गावी. मध्ये आल्प्स पर्वत. गुरू आणि शिष्य यांच्यामध्येही एकदा हाच पर्वत उभा राहिला होता.

कोलंबानसांचा जन्म आयर्लंडच्या लेन्स्टर प्रांतात इ. स. ५४३ च्या सुमारास झाला. त्यांचे चरित्र लिहिणारा योनास हा बॉबिओच्याच मठातला. कोलंबानसांच्या निधनानंतर तीनेक वर्षांनी तो मठात दाखल झाला, त्यामुळे ज्यांनी त्यांना पाहिले होते अशा वडीलधाऱ्यांकडून त्याने पुष्कळ ऐकले. तो सांगतो, की तरुण कोलंबानस व्रतस्थ होण्यासाठी घर सोडून निघाले तेव्हा त्यांची आई उंबरठ्यावर आडवी पडली. मुलाने उंबरठा आणि आई दोन्ही ओलांडले, आणि या जन्मी आता आपली भेट नाही, असे तिला सांगून तो निघून गेला. हा प्रसंग आम्ही सेमिनरीत प्रथम वाचला तेव्हा फार भव्य वाटला होता. आज इतक्या वर्षांनी, कितीतरी आयांची समजूत घातल्यानंतर, तो तितका सोपा वाटत नाही.

आयरिश ख्रिस्ती लोकांत हौतात्म्याचे रंग मानीत. रक्त सांडणे हे तांबडे हौतात्म्य. परमेश्वरासाठी आपल्या प्रिय माणसांची कायमची ताटातूट पत्करणे हे श्वेत हौतात्म्य. आयर्लंडमध्ये रोमन सत्ता कधी पोचली नाही, आणि तेथे ख्रिस्ती धर्म आला तो मोठासा रक्तपात न होता. म्हणून तेथील व्रतस्थांनी हा दुसरा मार्ग स्वतःहून शोधून काढला. कुळ आणि भूमी यांवाचून माणसाला जेथे काही किंमत नव्हती, अशा समाजात स्वेच्छेने परदेशी होणे याचा अर्थ आज ध्यानात येणे कठीण आहे. बँगोरच्या मठात अनेक वर्षे काढल्यावर, सुमारे ५९० साली, कोलंबानस बारा सोबत्यांसह समुद्र ओलांडून फ्रँक लोकांच्या राज्यात आले. त्यांपैकी एक गॅलस होते, असे परंपरा सांगते.

व्होज पर्वताच्या परिसरात त्यांनी ओनग्रे, लुक्सय आणि फोंतेन असे तीन मठ वसविले. तेथील वीस वर्षांची हकिकत थोडक्यात आटपू. पुनरुत्थान सणाची तारीख आयरिश पद्धतीने मोजावी की गॉलच्या पद्धतीने, यावरून त्यांचे बिशपांशी खटके उडाले. राजा थेउदेरिक याच्या अनौरस मुलांना आशीर्वाद देण्यास त्यांनी नकार दिला, त्यामुळे राजाची आजी ब्रुनहिल्डा त्यांची वैरीण झाली. ६१० साली त्यांना देशाबाहेर घालविण्याचा हुकूम निघाला. नांत बंदरात त्यांना आयर्लंडच्या गलबतावर चढविले, पण लाटांनी गलबत परत किनाऱ्याला आणून लावले. मग त्यांनी उलटी वाट धरली. ऱ्हाइन नदीने वर चढत ते कॉन्स्टन्स सरोवराकाठी ब्रेगेंझ येथे आले.

या रागीट, हट्टी आणि प्रार्थनाशील पुरुषाने युरोपला दिलेली सर्वांत मोठी देणगी कोणत्याही पर्यटन-पुस्तिकेत सापडत नाही. प्राचीन चर्चमध्ये गंभीर पापाचे प्रायश्चित्त जाहीर असे आणि आयुष्यात एकदाच मिळे. त्यामुळे पुष्कळ लोक ते मरणशय्येपर्यंत लांबवीत. आयरिश मठांत याहून वेगळी रीत होती. एकांतात, एका माणसाच्या कानात, आणि पडावे तितक्या वेळा पापनिवेदन करावे. त्याने वैद्याप्रमाणे रोग ओळखून औषध द्यावे. अतिबोलक्याला मौन, खादाडाला उपवास. कोलंबानस आणि त्यांच्यामागून आलेले व्रतस्थ यांनी ही रीत खंडभर पसरविली. शनिवारी संध्याकाळी पापनिवेदनाच्या जाळीआड आम्ही बसतो, तेव्हा कोठेतरी या आयरिश माणसांचेच काम पुढे चालू असते. त्यांच्या प्रायश्चित्तांच्या याद्या आज वाचवत नाहीत इतक्या कडक आहेत, हेही सांगितले पाहिजे.

तो कडकपणा स्वतःच्या माणसावर कसा कोसळला ते ब्रेगेंझला दिसले. ६१२ साली तेथील राजकारण फिरले, थेउदेरिकचा अंमल त्या मुलखावरही आला, आणि कोलंबानसांनी आल्प्स ओलांडून लोंबार्दीत जाण्याचे ठरविले. निघण्याच्या वेळी गॅलसांना ताप भरला. आपल्याच्याने चालवत नाही, असे त्यांनी सांगितले. गुरूंना ते खरे वाटले नाही. गॅलसांना त्या प्रदेशाची भाषा येत होती, सरोवरात मासे धरण्यात ते तरबेज होते. हे ठिकाण याला आवडले आहे आणि आता कष्ट नकोत, असे कोलंबानसांच्या मनाने घेतले. त्यांनी शिष्याला राहू दिले, पण जाता जाता एक शिक्षा ठेवून गेले : मी जिवंत असेपर्यंत तू मिस्सा अर्पण करायची नाहीस.

योनासच्या ग्रंथात या भांडणाचा उल्लेख नाही. तो गॅलसांना भेटला होता, त्यांच्या तोंडून ऐकलेली एक मासेमारीची गोष्टही त्याने दिली आहे. या बाबतीत मात्र तो गप्प आहे. ही कथा पुढे सेंट गॅलनमध्ये लिहिलेल्या गॅलस-चरित्रांत येते. म्हणून काही इतिहासकार तिच्याविषयी साशंक आहेत. आम्हांला वाटते, आपल्या मठाच्या आद्य संताला गुरूने मिस्सेपासून दूर ठेवले होते, ही काही मठाची शोभा वाढविणारी गोष्ट नव्हे. ती कोणी हौसेने रचली असेल, हे पटणे अवघड जाते.

गॅलस बरे झाले आणि श्टायनाख ओढ्याकाठच्या अरण्यात शिरले. तेथे काटेरी झुडपात पाय अडकून ते पडले, आणि येथेच राहायचे असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. रात्री एक अस्वल आले. त्याने त्यांच्या आज्ञेवरून शेकोटीसाठी लाकडे आणली आणि बदल्यात भाकरी घेतली. ते अस्वल आजही सेंट गॅलन शहराच्या मानचिन्हावर आहे. पुढे कॉन्स्टन्सचे बिशपपद देऊ केले तेव्हा गॅलसांनी ते नाकारले. त्यांच्या झोपडीच्या जागी ७१९ साली ओटमार यांनी मठ उभारला. गॅलस खरोखर आयरिश होते, की वाटेत व्होजच्या बाजूला कोलंबानसांना मिळालेले तिकडचेच गृहस्थ होते, याविषयी अलीकडच्या संशोधकांत वाद आहे. आयर्लंडहून एवढा लांब आलेल्या पाहुण्याला हे ऐकून जरा चुटपुट लागत असणार.

परंतु नवव्या शतकातल्या आयरिश लोकांना तसा काही संशय नव्हता. मार्कस नावाचा एक आयरिश बिशप आणि त्याचा भाचा मोएंगाल रोमची यात्रा करून परतताना वाट वाकडी करून येथे आले. गॅलस आपला देशबांधव, म्हणून त्याचे दर्शन घ्यायचे, असे त्यांच्या मनात होते, हे मठाचा इतिहास लिहिणाऱ्या एकेहार्डने नोंदविले आहे. वारसा पाहायला आलेला आयरिश पाहुणा म्हणतात तो हाच, अकराशेहून अधिक वर्षांपूर्वीचा! मठातल्या लोकांनी राहण्याचा आग्रह केला आणि दोघे राहिले. बरोबरचे सेवक चिडले, कारण त्यांना घरी जायचे होते. ते अंगावर येतील या भीतीने बिशपमहाशयांनी खिडकीतूनच त्यांना नाणी वाटली, घोडे व खेचरे देऊन टाकली, आणि ग्रंथ मात्र स्वतःसाठी आणि संत गॅलससाठी ठेवून घेतले. भाच्याच्या हाताखाली नोटकर, राटपेर्ट आणि टुओटिलो असे विद्यार्थी तयार झाले. उपासनासंगीताच्या इतिहासात त्यांतील पहिल्या आणि शेवटच्याचे नाव ठाऊक नाही असा अभ्यासक मिळणार नाही.

मठ १८०५ साली विसर्जित झाला, ग्रंथालय वाचले. १९८३ मध्ये युनेस्कोने या परिसराचा जागतिक वारशात समावेश केला. दारावर ग्रीक भाषेत ‘आत्म्याचे आरोग्यधाम’ या अर्थाची अक्षरे आहेत. आत जाताना बुटांवर जाड नमद्याच्या सपाता चढवाव्या लागतात. लाकडी जमिनीवर ओरखडे उठू नयेत म्हणून. मग सारे पाहुणे, विद्वान असोत की शाळकरी मुले, पाय घाशीत घाशीत चालतात. येथे आठव्या शतकातले आयरिश शुभवर्तमान आहे, आणि ८५० च्या सुमारास आयर्लंडमध्ये नकललेले प्रिस्कियनचे लॅटिन व्याकरण आहे. त्याच्या ओळींमध्ये आणि समासांत प्राचीन आयरिश भाषेतील साडेतीन हजारांच्या आसपास टिपा आहेत. बहुतेक व्याकरणाच्या, पण मधूनच नकलनवीस शाईविषयी कुरकुरतो, थंडीची तक्रार करतो. एका जागी चार ओळींची कविता आहे : बाहेर वादळ आहे, तेव्हा आज रात्री समुद्रावरून येणाऱ्या नॉर्स लुटारूंचे भय नाही, एवढाच तिचा आशय. त्या काळची आयरिश हस्तलिखिते खुद्द आयर्लंडमध्ये फार थोडी उरली. जी परदेशी गेली ती टिकली. जर्मन पंडित त्सॉइस याने १८५३ साली केल्टिक भाषांचे व्याकरण सिद्ध केले ते अशाच टिपांच्या आधारे. आयरिश माणसाला आपली जुनी भाषा समजावून घेण्यासाठी परक्यांच्या मठात यावे लागले. २०२५ साली डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयातील प्रदर्शनासाठी यांतील काही ग्रंथ आयर्लंडला नेण्यात आले, तेव्हा हा प्रवास प्रथमच उलट दिशेने झाला, असे म्हणायला हरकत नाही.

गॅलसांच्या सणाच्या दिवसांतच शहरात ‘ओल्मा’ ही १९४३ पासूनची शेतकी जत्रा भरते. गाईगुरे, चीज, भाजलेले सॉसेज आणि डुकराच्या पिलांच्या शर्यती! कॅथेड्रलमध्ये संतांच्या नावाची उपासना आणि बाहेर पिलांमागे धावणारी पोरे, हे दृश्य कोणा सोवळ्या भाविकाला खटकेल. ज्यांनी आपल्याकडच्या सणांच्या जत्रा पाहिल्या आहेत, त्यांना नवल वाटायचे नाही.

बॉबिओ याच्या अगदी उलट. तेथे नोव्हेंबरात धुके उतरते आणि उन्हाळी पाहुणे केव्हाच परतलेले असतात. लोंबार्दांचा राजा आगिलुल्फ याने दिलेल्या जागेवर कोलंबानसांनी ६१४ साली मठ स्थापिला आणि पुढच्याच वर्षी, २३ नोव्हेंबर रोजी, देह ठेवला. नदीवर अकरा लहानमोठ्या कमानींचा वेडावाकडा पूल आहे. तो सैतानाने एका रात्रीत बांधला. प्रथम ओलांडणाऱ्याचा जीव मला द्यायचा, असा करार होता. आणि कोलंबानसांनी पुलावरून एक कुत्रा पुढे पाठविला, असे गावकरी सांगतात. कुत्र्याच्या बाजूने कोणी बोलत नाही. नाताळच्या आदल्या रात्री येथे गोगलगायी शिजवून खाण्याचा प्रघात आहे. मठ नेपोलियनच्या काळात, १८०३ साली बंद झाला. ग्रंथ त्याआधीच मिलान, रोम, तुरीन अशा ठिकाणी विखुरले होते. बँगोरच्या मठात सातव्या शतकात लिहिलेले प्रार्थनास्तोत्रांचे पुस्तक आज मिलानच्या आम्ब्रोझियाना ग्रंथालयात आहे. येथे उरली आहे ती तळघरातली समाधी, १४८० सालची, संतांच्या जीवनातील प्रसंग कोरलेली.

१९५० साली लुक्सय येथे कोलंबानसांच्या स्मरणार्थ मोठा मेळावा झाला. रोबेर शुमान, आयर्लंडचे पंतप्रधान जॉन कॉस्टेलो आणि पुढे पोप तेविसावे जॉन झालेले रोन्काली त्याला हजर होते. त्या वेळी आयर्लंडहून येणारा प्रत्येक पाहुणा जपमाळ घेऊन येतो, असे कोणीही गृहीत धरले असते. आज तसे म्हणता येत नाही. २०१६ च्या जनगणनेत स्वतःला कॅथलिक म्हणविणारे सुमारे ७८ टक्के होते, २०२२ मध्ये ६९ टक्के झाले; आणि मिस्सेला येणारे त्याहून फारच थोडे. दोष काळाचा, असे म्हणून आम्हां धर्मगुरूंना सुटता येणार नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चौकशी-अहवालांत चर्चच्या संस्थांतून मुलांवर झालेल्या अत्याचारांची जी माहिती आली, ती वाचणाऱ्याला मान वर करवत नाही. ज्या देशाने युरोपला कानात पापनिवेदन करायला शिकविले, त्या देशातील चर्चला आपले पाप जाहीरपणे ऐकावे लागले. असा दुखावलेला माणूस बॉबिओच्या तळघरात उतरतो तेव्हा तो काय म्हणून उतरतो? प्रवासी, देशबांधव, की मार्कसप्रमाणे मुक्कामाला आलेला? त्याला विचारण्याचा अधिकार आमचा नाही. तो येतो, एवढे दिसते.

गॅलसांची गोष्ट अर्धी राहिली आहे. ६१५ च्या नोव्हेंबरातील एका पहाटे त्यांनी आपला डीकन माग्नोआल्ड याला उठविले आणि मिस्सेची तयारी करायला सांगितले. तीन वर्षे हे शब्द त्या झोपडीत कोणी ऐकले नव्हते. डीकन चकित झाला. रात्री दर्शनात आपल्याला कळले, की गुरू कोलंबानस निवर्तले, त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करायची आहे, असे गॅलस म्हणाले. मिस्सा झाली. मग त्यांनी माग्नोआल्डला बॉबिओला पाठविले : दिवस आणि वेळ नेमकी विचारून ये. डीकन पर्वत ओलांडून गेला. वेळ तीच होती. तेथील व्रतस्थांनी त्याच्याजवळ एक पत्र दिले आणि मठाधिपतींचा दंड दिला. मरण्यापूर्वी कोलंबानसांनीच सांगून ठेवले होते, की हा दंड गॅलसला पोचवा, म्हणजे त्याला शिक्षेतून मोकळे केले आहे हे त्याला समजेल. आपल्या मराठीत दंड म्हणजे काठीही आणि शिक्षाही. माग्नोआल्ड ती काठी टेकीत बर्फातून खाली उतरला आणि त्याने ती गॅलसांच्या हाती ठेवली.