खिळा घासणारा मुलगा

माझ्या टेबलावर छपाईचा, शिशाचा एक खिळा आहे, ‘ळ’चा. १९७४ साली सांगलीच्या एका छोट्या छापखान्यात मी जुळारी म्हणून लागलो. तिथले थोरले जुळारी अण्णा पहिल्या दिवशी म्हणाले, “बाळ, आधी केसमधली घरं पाठ कर. डोळे मिटून हात ‘क्ष’वर गेला पाहिजे.” केस म्हणजे खिळे ठेवायची खणाखणांची पेटी. इंग्रजीची केस मी आठवड्यात पाठ केली. मराठीला तीन महिने लागले. काना, मात्रा, वेलांट्या, रुकार, रफार, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे अशी ती शेकडो घरे होती. त्या तीन महिन्यांत एक प्रश्न मनात रुतला: ही घरे पहिल्यांदा कोणी मांडली?

शाळेत मुद्रणाचा शोध म्हणून गुटेनबर्गचे नाव शिकवतात, आणि पंधराव्या शतकात माइन्झला त्याने जे केले ते मोठेच होते. पण त्याच्या चारशे वर्षे आधी चीनमध्ये बी शेंगने भाजक्या मातीचे सुटे खिळे केले होते, आणि १३७७ मध्ये कोरियात धातूच्या खिळ्यांनी ‘जिकजी’ हा बौद्ध ग्रंथ छापला गेला. चिनी लिपीत चिन्हे हजारोंनी, त्यामुळे तिथे पुढेही कोरीव लाकडी ठोकळेच जास्त चालले. माझे म्हणणे असे की छपाईचा शोध एकदा लागून भागले नाही. प्रत्येक लिपीला तो आपापला लावावा लागला.

आमचेच पाहा. गोव्यात छपाईचे यंत्र आले १५५६ मध्ये. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापून निघाले. भाषा मराठी, अक्षरे रोमन. यंत्र होते, देवनागरीचे खिळे नव्हते. १८०५ मध्ये मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी तांब्याच्या पत्र्यांवर कोरून गीता छापवली. ते मोठे धाडस होते, पण कोरलेल्या पत्र्यातून फक्त तेच पान निघते. खिळा सुटा असतो; आज गीतेत बसतो, उद्या लग्नपत्रिकेत.

मग मुंबई. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग काढले. शाईत चरबी असे म्हणून सोवळे लोक छापील कागदाला शिवत नसत. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली. गोविंद नारायण माडगावकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ च्या पुस्तकात त्यांच्या छापखान्याची हकिकत आहे, ती जरूर वाचावी. पुढे गणपत कृष्णाजींनी खिळेही पाडले.

माझे मन मात्र जावजी दादाजींपाशी थांबते. जन्म १८३९ चा. दहाव्या वर्षी त्याच मिशनच्या छापखान्यात हा मुलगा लागला, महिना दोन रुपयांवर, खिळे घासायला. ओतून निघालेल्या खिळ्याला कडेने शिशाची कूस राहते. ती नीट काढली नाही तर खिळे एकमेकांना चिकटून उभे राहत नाहीत, ओळ हलते आणि अक्षर वरखाली उमटते. हजारो खिळे असे बोटांतून गेले की कोणत्या अक्षराचा कान कुठे मोडतो, मात्रा कुठे तुटते, हे बोटांनाच कळू लागते. हे मी अनुभवाने सांगतो.

जावजींनी १८६४ मध्ये स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. जोडीला मित्र राणोजी रावजी आरू. पोलादाच्या कांबीच्या टोकावर राणोजी अक्षर उलटे कोरत. ते तांब्यावर ठोकून साचा होई आणि साच्यात शिशाचा रस ओतला की खिळा तयार. कोरताना केसभर चूक झाली तर ती पुढच्या प्रत्येक खिळ्यात उतरे. ‘श्र’ची गाठ, ‘ळ’ची दोन सारखी पोटे, उकाराची वळलेली शेपटी हे सगळे राणोजींच्या हातचे. निर्णयसागरातून १८८६ पासून निघालेल्या ‘काव्यमाला’ या मालिकेतले संस्कृत ग्रंथ देशोदेशीच्या पंडितांनी वापरले. त्यांतली पाने आजही पाहिली की ओळ न ओळ ताठ दिसते. माझ्या मते देवनागरीला इतका देखणा ठसा त्यानंतरही क्वचितच मिळाला. जावजी १८९२ मध्ये गेले. जगातल्या शोधांच्या यादीत या दोघांची नावे नाहीत. ती असायला हवीत.

आमच्या छापखान्यात ऑफसेट आले तेव्हा केसा रिकाम्या झाल्या. खिळे पोत्यांत भरून भंगाराच्या काट्यावर चढले आणि वितळवायला गेले. अण्णा त्या दिवशी आलेच नाहीत. मी ‘ळ’च्या घरातून एक खिळा उचलून खिशात टाकला.

तुमच्या घरी पोथ्यांची जुनी पेटी असेल तर ती एकदा उघडा. मजकुराआधी छापखान्याचे नाव वाचा. तिथे गणपत कृष्णाजी किंवा निर्णयसागर दिसले, तर कृपा करून ती पोथी रद्दीच्या तराजूत घालू नका.