पुंगळी (काडतुसाची)

काडतुसातील दारू, गोळी आणि ठिणगी देणारी टोपी एकत्र धरणारे पितळी कवच. ‘काडतूस’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. रायफलच्या पुंगळीचे पितळ साधारण ७०% तांबे व ३०% जस्त यांचे असते. बार उडताच पुंगळी फुगून नळीच्या घराला घट्ट चिकटते; दाब उतरल्यावर थोडी आकसते, पण मूळ मापावर येत नाही. ती पुन्हा भरायची तर वंगण लावून पोलादी साच्यात दाबून मापात आणावी लागते. अशा ठोकाठोकीने पितळ कडक होते, आणि पुंगळीची मान तापवून मऊ न केल्यास तिला चिरा जातात. तांबटाला हे वेगळे सांगायला नको.

पितळाचे दुसरे दुखणे भारतातच उघड झाले. ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ ठेवली की आपोआप तडकत. पितळात उरलेला ताण आणि लिदीमुताचा अमोनिया यांचा तो परिणाम असल्याचे १९२१ मध्ये स्पष्ट झाले.

महाराष्ट्रात खडकी (१८६९) व वरणगाव येथील सरकारी कारखाने काडतुसे बनवतात. मुंबईत वरळीच्या रेंजवर नेमबाज पॉइंट टू टू (.२२) काडतुसे वापरतात. त्यांच्या पुंगळीत स्फोटक मसाला बुडाच्या कडेतच असल्याने ती पुन्हा भरण्याजोगी नसते. अमेरिकेत घरी काडतुसे भरणे हा छंद आहे. भारतात मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे गुन्हा ठरतो.