माँट्रियलचा पाचवा सेट : पोलंडच्या व्हॉलीबॉलची दंतकथा आणि तिच्यामागचा हिशेब

३० जुलै १९७६. माँट्रियल ऑलिम्पिकमधील पुरुष व्हॉलीबॉलचा अंतिम सामना. जाळ्याच्या एका बाजूला सोव्हिएत संघ. संपूर्ण स्पर्धेत त्याने तोवर एकही सेट गमावलेला नव्हता. दुसऱ्या बाजूला पोलंड. गटात दक्षिण कोरियाशी पाच सेट, क्युबाशी पाच सेट, उपांत्य फेरीत जपानशी पुन्हा पाच सेट, अशी रखडत-झुंजत त्याची वाटचाल झाली होती. कोणता संघ ताजातवाना आहे आणि कोणता दमलेला, हे सांगायला जाणकाराची गरज नव्हती.

निकाल असा लागला : ११–१५, १५–१३, १२–१५, १९–१७, १५–७. सुवर्ण पोलंडचे.

यातला शेवटचा आकडा पुन्हा पाहावा. जो संघ दमलेला असायला हवा होता, त्याने पाचवा सेट १५–७ असा, जवळजवळ एकतर्फी जिंकला. पोलंडच्या क्रीडा-इतिहासातील एक मोठी दंतकथा या आकड्यावर उभी आहे आणि पुढची अनेक वर्षे तिचा अर्थ चुकीचा लावला गेला.

दंतकथेचा नायक हुबेर्ट वाग्नर. १९७३ मध्ये राष्ट्रीय संघाची सूत्रे हाती आली तेव्हा त्यांचे वय अवघे बत्तीस होते. संघाचा कर्णधार एडवर्ड स्कोरेक त्यांच्याहून दोनच वर्षांनी लहान. दोघे एकाच संघात खेळलेले. कालपर्यंत ज्यांच्या खांद्याला खांदा लावून उडी मारली, त्यांच्याकडून वाग्नरांनी असा सराव करून घेतला की खेळाडूंनी आणि वृत्तपत्रांनी त्यांना एक नाव बहाल केले : ‘कात’. पोलिश भाषेत या शब्दाचा अर्थ जल्लाद. वजने भरलेली जाकिटे अंगावर चढवून उड्या, अडथळ्यांवरून उड्या, आणि खेळाडू कोसळण्याच्या बेतात आला की आणखी उड्या. रौप्य किंवा कांस्य यांत आपल्याला रस नाही, सुवर्णच हवे, असे ते ऑलिम्पिकपूर्वी उघडपणे सांगत.

लोकांनी यातून काढलेला निष्कर्ष सोपा होता : प्रशिक्षक निर्दय होता, म्हणून संघ जिंकला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा ‘म्हणून’पाशी थोडे थांबावे.

वाग्नर आले तेव्हा पोलंडचे व्हॉलीबॉल काही उजाड माळरान नव्हते. १९६५ च्या विश्वचषकात पोलंडने रौप्य जिंकले होते, १९६७ च्या युरोपीय स्पर्धेत कांस्य. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये संघ पाचवा आला. १९७२ च्या म्युनिकमध्ये मात्र तो थेट नवव्या स्थानावर घसरला आणि त्या घसरणीमुळेच तरुण वाग्नरांना वाट मिळाली. म्हणजे गुणी खेळाडूंची पिढी आधीच घडलेली होती. प्रश्न होता तो त्या पिढीने खेळायचे कसे याचा.

त्या काळचा नियम इथे समजून घेतला पाहिजे, कारण आजच्या व्हॉलीबॉलवर वाढलेल्या वाचकाला तो विचित्र वाटेल. तेव्हा गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघाला मिळे. समोरच्याने रॅली जिंकली तर त्याला गुण नाही, केवळ सर्व्हिस मिळायची. सेट १५ गुणांचा आणि दोन गुणांची आघाडी आवश्यक. त्यामुळे फलक तसाच राहून सर्व्हिस या बाजूकडून त्या बाजूकडे फिरत राही आणि खेळाडू उड्या मारत राहत. (गावाकडच्या मैदानावर जुन्या पद्धतीने व्हॉलीबॉल खेळलेल्या काका-मामांना विचारावे; अंधार पडला तरी सेट संपत नसे, ही तक्रार त्यांच्याकडून हमखास ऐकायला मिळेल.) प्रत्येक रॅलीला गुण देण्याची आजची पद्धत जागतिक स्तरावर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आली. १९७६ मध्ये १९–१७ असा सेट म्हणजे छत्तीस रॅली नव्हेत, त्याहून कितीतरी अधिक.

अशा नियमांत दमसास हा केवळ शारीरिक गुण उरत नाही, तो डावपेचाचा भाग होतो. आणि वाग्नरांकडे तसा डावपेच होता.

जपानने १९७२ मध्ये म्युनिकचे सुवर्ण जिंकले होते, ते वेगाच्या जोरावर. उंचीत कमी पडणाऱ्या जपानी खेळाडूंनी जाळ्याजवळच्या झटपट चढाया आणि फसव्या उड्या यांची अशी सांगड घातली की उंचापुऱ्या युरोपीय ब्लॉकला चेंडू नेमका कोठून येणार हेच कळेना. जगातला प्रत्येक संघ त्यानंतर हा धडा गिरवू लागला. पोलंडने तो गिरवलाच, शिवाय त्यात आपल्या पदरचे काही घातले.

व्हॉलीबॉलमध्ये पुढच्या फळीत तिघे आणि मागच्या फळीत तिघे असतात. जाळ्याला भिडून चढाई करण्याची मुभा फक्त पुढच्या तिघांना. सेटर स्वतः पुढच्या फळीत आला की खरे चढाईपटू दोनच उरतात आणि समोरच्या ब्लॉकचे काम सोपे होते. मागच्या फळीतल्या खेळाडूलाही चढाई करता येते, पण जाळ्यापासून तीन मीटरवर असलेल्या रेषेच्या मागून उडी घेऊन. ही मुभा नियमात होती. तिचा नेमाने उपयोग करणारे मात्र दुर्मीळ होते. ल्युब्लिनमध्ये जन्मलेल्या तोमाश वुयतोविच या खेळाडूने ती नित्याची चढाई करून दाखवली. माँट्रियलमध्ये तो बावीस वर्षांचा होता. मागच्या फळीतून चढाई करणाऱ्या आद्य खेळाडूंमध्ये आज त्याचे नाव घेतले जाते.

आता ती जाकिटे आठवावीत. तीन मीटर मागून उडी घेऊन, हवेत पुढे झेपावत, दोन मीटर त्रेचाळीस सेंटिमीटर उंच जाळ्यावरून चेंडू हाणायचा. आणि हे पहिल्या सेटमध्ये नव्हे, पाचव्यात, सामना दोन तास लांबल्यावर. पाय जड झाले की ही चढाई आपोआप संपते. वाग्नरांचा सराव क्रूर होता यात शंका नाही, पण तो आंधळा नव्हता. विशिष्ट नियम, विशिष्ट डावपेच आणि तो पेलणारे विशिष्ट पाय यांचा तो हिशेब होता. दंतकथेने क्रौर्य लक्षात ठेवले आणि हिशेब विसरला.

हिशेबाचा पहिला पडताळा मेक्सिकोत आला. १९७४ च्या जागतिक स्पर्धेत पोलंडने सोव्हिएत संघाला पाच सेटमध्ये आणि जपानला चार सेटमध्ये हरवून विजेतेपद मिळवले. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला सेटर स्तानिस्वाव गोश्चिन्याक. दोन वर्षांनी माँट्रियलच्या संघात तो नव्हता, तरीही संघ कोसळला नाही.

माँट्रियलच्या अंतिम सामन्यातही सुवर्ण जवळजवळ निसटले होते. चौथ्या सेटमध्ये सोव्हिएत संघ जेतेपदापासून एका गुणावर येऊन ठेपला. तो गुण त्याला मिळाला नाही. सेट १९–१७ असा पोलंडकडे गेला आणि जो संघ इतके दिवस तीन सेटमध्ये सामने उरकत आला होता, त्याला स्पर्धेत पहिल्यांदाच पाचवा सेट खेळावा लागला. पोलंडचा तो चौथा पाच सेटचा सामना होता. एका संघाला त्या प्रदेशाची ओळखच नव्हती. दुसरा तिथे राहायलाच गेला होता.

या विजयाला राजकीय रंग चढणे अटळ होते. अंतिम सामन्याच्या पाच आठवडे आधी, २५ जून १९७६ रोजी, अन्नधान्याच्या भाववाढीविरुद्ध रादोम आणि उर्सुस येथील कामगार रस्त्यावर उतरले होते आणि सरकारने ते आंदोलन दडपले होते. अशा उन्हाळ्यात पोलिश खेळाडूंनी नेमक्या सोव्हिएत संघाला हरवले, याचा आनंद केवळ खेळाचा राहिला नसणार. मात्र जल्लोषातून थेट बंडाचा सूर ऐकू पाहणे ही नंतरच्या काळाची हौस आहे. विसरू नये, ते सुवर्ण पोलंडच्या कम्युनिस्ट राजवटीलाही हवेच होते.

त्यानंतरचा काळ दंतकथेच्या भाष्यकारांना अडचणीचा आहे. १९७५, १९७७, १९७९, १९८१, १९८३ : सलग पाच युरोपीय स्पर्धांत पोलंड दुसरा आला आणि पाचही वेळा पहिला होता सोव्हिएत संघ. यांतली पहिली स्पर्धा तर वाग्नरांच्या ऐन भरातली. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये पोलंड चौथा. १९८४ च्या लॉस एंजेलिसवर पूर्व गटाने बहिष्कार घातला. मग उतार लागला तो खोलवर. १९८८ आणि १९९२ च्या ऑलिम्पिकला संघ पोहोचलाच नाही. १९९६ मध्ये अटलांटाला पोहोचला आणि पाचही सामने हरून परतला. ऐंशीच्या दशकात आणि पुन्हा नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात वाग्नरांना परत बोलावण्यात आले. माणूस तोच, लौकिकही तोच. सुवर्ण आले नाही. क्रौर्य हेच रहस्य असते तर ते परतायला हवे होते. २००२ च्या मार्चमध्ये वाग्नर वारले.

दुसरे पर्व उभे राहिले ते अगदी वेगळ्या पायावर. १९९७ मध्ये पोलंडचा कनिष्ठ संघ जगज्जेता झाला, २००३ मध्ये पुन्हा. पावेल झागुम्नी, पिओत्र ग्रुश्का, मारिउश व्लाझ्वी ही नावे याच कनिष्ठ संघांतून वर आली. देशात व्यावसायिक लीग सुरू झाली. काटोवित्से शहरातले ‘स्पोदेक’ नावाचे, उडत्या तबकडीसारखे दिसणारे क्रीडागृह लाल-पांढऱ्या गर्दीने भरू लागले. कम्युनिस्ट काळात कल्पनाही करता आली नसती अशी आणखी एक गोष्ट घडली : २००५ मध्ये संघाची धुरा राउल लोझानो या अर्जेंटिनाच्या प्रशिक्षकाकडे गेली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संघाचा तरुण मधला ब्लॉकर आर्कादिउश गोवाश ऑस्ट्रियात मोटार अपघातात गेला. पुढच्या वर्षी जपानमधील जागतिक स्पर्धेत पोलंडने सलग दहा सामने जिंकले आणि अंतिम फेरीत ब्राझीलकडून हार पत्करली. बत्तीस वर्षांनंतर मिळालेले ते जागतिक पदक स्वीकारताना खेळाडूंनी गोवाशचा सोळा क्रमांक असलेले शर्ट घातले होते.

२०१४ ची जागतिक स्पर्धा पोलंडमध्येच भरली. उद्‌घाटनाचा सर्बियाविरुद्धचा सामना वॉर्साच्या फुटबॉल स्टेडियमवर झाला आणि तो पाहायला साठ हजारांहून अधिक लोक आले. प्रशिक्षक होता फ्रान्सचा स्तेफान आंतिगा. काही महिन्यांपूर्वीपर्यंत तो पोलिश लीगमध्ये स्वतःच खेळत होता. खेळाडूंच्या पिढीतून थेट प्रशिक्षकाच्या खुर्चीत, इतक्यापुरते वाग्नरांशी साम्य. बाकी सगळा विरोधाभास. सलग तीन वेळा जगज्जेत्या ठरलेल्या ब्राझीलला अंतिम फेरीत ३–१ ने हरवून पोलंडने चाळीस वर्षांनी तो किताब परत मिळवला. आंतिगाने या संघातून बार्तोश कुरेकला वगळले होते. चार वर्षांनी बेल्जियमच्या व्हिताल हायनेनच्या हाताखाली पोलंडने ब्राझीललाच ३–० ने हरवून किताब राखला, तेव्हा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू कुरेकच होता.

ऑलिम्पिकचे दार मात्र उघडेना. २००४, २००८, २०१२, २०१६ आणि टोकियो : पाच ऑलिम्पिक, पाचही वेळा उपांत्यपूर्व फेरीत पराभव. दोनदा जगज्जेता ठरलेला संघ टोकियोत फ्रान्सशी पाचव्या सेटमध्ये हरला. क्युबात जन्मलेला, २०१० मध्ये क्युबाकडून जागतिक रौप्य जिंकलेला आणि २०१९ पासून पोलंडकडून खेळणारा विल्फ्रेदो लेऑन त्या संघात असूनही. प्रत्येक पराभवानंतर माँट्रियलची तुलना व्हायची. पण ज्या नियमांनी वाग्नरांचा दमसास निर्णायक केला होता ते आता राहिले नव्हते. पाचवा सेट पंधरा गुणांचाच असला तरी प्रत्येक रॅलीला गुण मिळत असल्याने तो पंधरा-वीस मिनिटांत संपतो. त्यात चूक सुधारायला वेळ नसतो.

२०२४ च्या पॅरिसमध्ये, सर्बियाच्या निकोला ग्रबिचच्या मार्गदर्शनाखाली, पोलंडने उपांत्यपूर्व फेरीत स्लोव्हेनियाला हरवले आणि दार एकदाचे उघडले. ७ ऑगस्टला उपांत्य फेरीत समोर अमेरिका होती. तिसरा सेट पोलंडने १४–२५ असा लाजिरवाणा गमावला आणि तो १–२ ने मागे पडला. खेळाडू दुखावलेले, लिबेरो पावेल झातोर्स्कीचा खांदा जायबंदी. चौथा सेट २५–२३. पाचवा १५–१३.

तीन दिवसांनी अंतिम फेरीत फ्रान्सने त्यांना तीन सेटमध्ये हरवले. अठ्ठेचाळीस वर्षांनी मिळालेले हे ऑलिम्पिक पदक रौप्य होते. वाग्नरांना ज्यात रस नव्हता, ते. तोमाश वुयतोविच ते पाहू शकला नाही, ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचे निधन झाले होते. त्या अंतिम सामन्यात दोन्ही संघांचे खेळाडू तीन मीटरच्या रेषेमागून पुन्हा पुन्हा उड्या घेत होते, आणि समालोचकांना त्यात सांगण्यासारखे काही वाटत नव्हते.