दोन नंबरची तार आणि टीसीपी/आयपी

माझे विषय उर्दू आणि मराठी. शाळेत संगणकाचे शिक्षक नाहीत म्हणून आठवीचा तो तास माझ्याकडे आला. सहामाहीला मी नेहमीचा प्रश्न काढला, 'पूर्ण रूप लिहा'. आयपी, लॅन, डीएनएस, यूआरएल, मोडेम, वायफाय असे दहा शब्द होते. सात-आठ मुलांना दहापैकी दहा पडले. पेपर परत देताना पहिल्या आलेल्या मुलाला सहज विचारलं, "बेटा, प्रोटोकॉल म्हणजे काय?"

तो उभा राहिला. "सर, इंटरनेट प्रोटोकॉल."

"ते आयपीचं पूर्ण रूप झालं. नुसता प्रोटोकॉल म्हणजे?"

वर्ग चूप. खरं सांगायचं तर मीही चूपच होतो. एमएस-सीआयटीची परीक्षा मीसुद्धा अशीच पास झालो होतो, घोकून. त्या रात्री उत्तर शोधायला बसलो आणि माझी स्वारी थेट लहानपणीच्या एका ईदला जाऊन पोचली.

मी दुसरी-तिसरीत असेन. मामू भिवंडीला पॉवरलूमवर होते. ईदच्या आदल्या दिवशी दारात तारवाला आला. त्या काळी तार म्हणजे कुणीतरी गेलं, एवढाच अर्थ. अम्मी कागद न उघडताच खाली बसली, शेजारच्या खाला धावत आल्या. अब्बांनी तार वाचली आणि हसायला लागले. इंग्रजीत दोनच शब्द होते, ईद मुबारक. पुढे मामू आले तेव्हा अम्मीनं त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. मामू म्हणाले, "आपा, मी तर ईद मुबारक लिहिलंच नाही. मी फक्त दोनचा आकडा लिहिला."

तार खात्याकडे शुभेच्छांची एक छापील यादी असे. एक नंबरला दिवाळीच्या शुभेच्छा, दोन नंबरला ईद मुबारक, आठ नंबरला सुखी आणि दीर्घ वैवाहिक जीवनाच्या शुभेच्छा, दहा नंबरला परीक्षेतल्या यशाबद्दल अभिनंदन. फॉर्मवर आकडा लिहायचा, तारेवरून आकडा जायचा आणि पलीकडचा बाबू यादी पाहून पूर्ण वाक्य कागदावर उतरवायचा. दोन्ही टोकांना तीच यादी आणि ती कशी वापरायची याचा तोच नियम, असं असेल तरच हा खेळ चालतो. भिवंडीच्या यादीत दोन म्हणजे ईद आणि आमच्याकडच्या यादीत दोन म्हणजे लग्न असतं, तर काय गोंधळ उडाला असता! बोलण्याआधी ठरवून घेतलेला हा नियम म्हणजे प्रोटोकॉल. वर्गात जे सांगता आलं नाही, ते मामूंच्या तारेत होतं.

पण तारेत शब्द वाचवायची ही गरज आली कुठून? या गोष्टीचा एक धागा आपल्याच जिल्ह्यात सापडतो.

१८५३ च्या तहानं निजामाचा वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी रेल्वे पुढे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. रुळांच्या कडेला खांब होते, खांबांवर तार होती. गाडी सुटली हे पुढच्या स्टेशनला गाडीच्या आधी कळवायला हवं ना. खामगाव मुख्य मार्गापासून बाजूला पडलं होतं, पण कापसाची बाजारपेठ एवढी मोठी की जलंबहून तिच्यासाठी वेगळा फाटा टाकला गेला. मार्च १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत 'ग्रेट ईस्टर्न' नावाच्या अजस्र जहाजानं मुंबईहून एडनकडे समुद्राच्या तळाशी केबल टाकायला सुरुवात केली होती आणि जूनमध्ये मुंबई-लंडन समुद्रमार्गे जोडलं गेलं. काही महिन्यांच्या अंतरानं वऱ्हाडचा कापूस आणि लिव्हरपूलचा भाव एका धाग्यात आले. स्वेन बेकर्ट या इतिहासकारानं कापसाच्या जागतिक इतिहासावरच्या आपल्या ग्रंथात खामगावची दखल घेतली आहे, ती याचमुळे.

तार शब्दागणिक पैसे घेई आणि समुद्रापारची तार भलतीच महाग. मग व्यापाऱ्यांनी कोडबुकं काढली. १८७३ चं 'एबीसी' कोड त्यांतलं फार गाजलेलं. एक ठरीव शब्द पाठवायचा आणि त्याचा अर्थ एक संपूर्ण वाक्य. आजच्या लघुरूपांच्या खानदानाचा शोध घेतला तर एक वाट इथवर येते. या लघुरूपांना विद्वत्तेपेक्षा काटकसरीनं जास्त जन्म दिला. मात्र ज्याच्याकडे कोडबुक तो एका बाजूला आणि बैलगाडीत कापूस भरून आलेला कास्तकार दुसऱ्या बाजूला. तार त्याच्या डोक्यावरूनच जात होती, पण त्याला ती वाचता येत नव्हती.

समुद्राखालच्या या केबलच्या आधीही युरोपला तार जात होती. कराचीहून इराणच्या आखातातून केबल फाव या बंदरापर्यंत यायची आणि १८६५ पासून तिथून उस्मानी सल्तनतीच्या तारेवर चढून बगदादमार्गे पुढे जायची. वाटेतल्या कारकुनांना इंग्रजी येत नसे, निरोप काहीचा काही होऊन पोचे. तक्रारींचा पाऊस पडे. दोन वेगळी जाळी जिथं भेटतात त्या जागेला आज गेटवे म्हणतात. फाव हा असाच गेटवे होता. वेगवेगळ्या देशांच्या तारा जुळाव्यात म्हणून त्याच १८६५ साली पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय तार संघ स्थापन झाला. आज जिनिव्हात असलेली आयटीयू ती हीच. भारत १८६९ पासून तिचा सभासद आहे.

तारेनं पुढच्या जाळ्याला शब्दही दिले. मोडेमचा वेग ज्या 'बॉड'मध्ये मोजत, ते नाव एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्रज्ञाचं. मोडेम म्हणजे मॉड्युलेटर-डिमॉड्युलेटर. संगणकाच्या आकड्यांचा टेलिफोनच्या तारेला पेलेल असा आवाज करायचा आणि पलीकडे आवाजाचे पुन्हा आकडे.

खरा फरक पडला तो 'पॅकेट'मुळे. टेलिफोनवर दोघं बोलत असेपर्यंत अख्खी वाट त्यांच्यासाठी अडून राहते. निरोपाचे तुकडे करून प्रत्येकावर पत्ता घातला आणि ज्याला जी वाट मोकळी दिसेल तिनं त्याला जाऊ दिलं, तर तीच तार अनेकांना वापरता येते. अमेरिकेत पॉल बरान आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांना ही कल्पना एकमेकांपासून स्वतंत्रपणे सुचली. पॅकेट हा शब्द डेव्हिस यांचा आणि तो पक्का करण्यापूर्वी इतर भाषांत तो चालेल का हे त्यांनी भाषेच्या जाणकाराला विचारलं होतं. भाषेच्या मास्तराला कुणीतरी काही विचारलं, हे वाचून मला फार बरं वाटलं.

१९७४ मध्ये विंट सर्फ आणि बॉब कान यांनी या पाकिटांचे नियम मांडले आणि १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेट हे अमेरिकेतलं मूळ जाळं त्यांवर चालू लागलं. तेच टीसीपी/आयपी. मुलांना मी आता असं सांगतो : आयपी म्हणजे पाकिटावरचा पत्ता आणि ते पुढे ढकलायची रीत. ते पोचलंच पाहिजे अशी हमी आयपी देत नाही. टीसीपी म्हणजे आपलं रजिस्टर एडी. पाकिटांना क्रमांक घालायचे, पोचपावती मागायची, एखादं गहाळ झालं तर पुन्हा पाठवायचं. यूडीपी म्हणजे साधं टपाल. टाकलं पेटीत, पुढे अल्ला मालिक. थेट चालू असलेल्या आवाजा-चित्राला बहुधा तेच परवडतं, कारण उशिरा आलेला शब्द परत घेऊन करायचं काय?

पत्त्याचा विषय निघालाच आहे तर पिन कोडकडे पाहा. पिन म्हणजे पोस्टल इंडेक्स नंबर. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला आणि तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवी. बुलढाण्याचा पिन ४४३००१. खामगाव याच जिल्ह्यात, पण त्याचा पिन ४४४३०३ आणि शेगावचा ४४४२०३. तो ४४४ अकोल्याकडचा. टपालाला कलेक्टरच्या हद्दीशी देणंघेणं नाही, थैली कुठल्या वाटेनं येते ते महत्त्वाचं. आयपी पत्त्याचे आकडेही असेच, जाळ्याच्या वाटेप्रमाणे वाटलेले. रेल्वेच्या डब्यात रात्रभर पत्रं छाटणाऱ्या आरएमएसच्या माणसाला पत्राचा संपूर्ण प्रवास माहीत नसे. पुढची थैली कुठली एवढं कळलं की त्याचं काम झालं. राउटर नेमकं हेच करतो.

घरच्या राउटरवर १९२.१६८.१.१ असा आकडा दिसतो आणि शेजाऱ्याच्या राउटरवरही बहुधा तोच! मुलांना याचं फार नवल वाटतं. मी विचारतो, "जामा मशिदीजवळ भेट, असं म्हटलं तर कुठं जाशील?" मलकापूरचा मलकापुरात जाईल, मेहकरचा मेहकरात. गावात तेवढा पत्ता पुरतो, गावाबाहेर गावाचं नाव लागतं. जुन्या पद्धतीचे सगळे आयपी पत्ते मिळून सुमारे ४२९ कोटी, म्हणजे जगातल्या माणसांनाही पुरणार नाहीत इतके. म्हणून घरात खासगी पत्ता आणि वेशीवर एकच सार्वजनिक. वेशीवरच्या या अदलाबदलीचं नाव नॅट.

आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत. आधी सगळ्या यंत्रांची नावं आणि आकडे एकाच फाईलमध्ये लिहून ती अमेरिकेतल्या एका संस्थेत सांभाळत. यंत्रं वाढली, फाईल पुरेना. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस रचलं. आपल्याकडे पत्रावर मु. पो., ता., जि. लिहितात ना? तीच उतरंड. बुलढाणा डॉट एनआयसी डॉट इन हे नाव लहानाकडून मोठ्याकडे जातं, आधी गाव, शेवटी देश. लघुरूपांना घाबरणाऱ्या पोरांना मी सांगतो, मु. पो. तुम्हाला येतं, मग डीएनएस अर्धं आलं.

यातला शेवटचा 'इन' बरीच वर्षं मुंबईतून सांभाळला गेला. जुहूला एनसीएसटी ही संस्था होती, एस. रमणी तिचे प्रमुख. १९८६-८७ च्या सुमारास एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनवरून ईमेल सुरू झाली. अर्नेट या शिक्षण-संशोधनाच्या जाळ्याची ती सुरुवात. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट खुलं केलं. तेव्हा 'शेल' खातं स्वस्त मिळे. त्यात नुसती अक्षरं दिसत. चित्रं पाहायची तर 'टीसीपी/आयपी' खातं घ्यावं लागे आणि ते कित्येक पट महाग. सर्वसामान्यांना हे लघुरूप भेटलं ते दरपत्रकात.

बुलढाणा शहराला आजही रेल्वे नाही. पण १९८० च्या दशकाच्या अखेरीस एनआयसीनं जिल्ह्याची मुख्यालयं उपग्रहानं जोडायला घेतली. रूळ आले नाहीत, आकडे आकाशातून आले.

उर्दूच्या मास्तराला आवडेल असा आणखी एक शब्द आहे, 'बिग-एंडियन'. मोठी संख्या तुकड्यांत पाठवायची तर थोरला भाग आधी की धाकटा, यावर संगणकवाल्यांत मोठी भांडणं झाली. १ एप्रिल १९८० रोजी डॅनी कोहेन यांनी त्यावर एक मिश्कील लेख लिहिला आणि त्यासाठी नावं घेतली गलिव्हरच्या सफरींतून, जिथं अंडं कुठल्या टोकानं फोडावं यावरून युद्ध होतं. माझ्या फळ्यावर हे रोजचंच आहे. उर्दूची ओळ उजवीकडून डावीकडे चालते, मध्येच १८७० आलं की आकडा डावीकडून उजवीकडे लिहायचा आणि पुन्हा मागे फिरायचं. जाळ्यावर शेवटी 'थोरला आधी' असं ठरलं.

पुढच्या तासाला मी सगळे पेपर परत मागितले. वायफायचं पूर्ण रूप सगळ्यांनी 'वायरलेस फिडेलिटी' लिहिलं होतं, मीही तेच बरोबर धरलं होतं. मुळात तसं काही नाही. १९९९ मध्ये नावं तयार करून देणाऱ्या एका कंपनीनं सुचवलेलं ते नुसतं व्यापारी नाव आहे. गुण मी कापले नाहीत, चूक माझीच होती. मात्र यादीत एक शब्द वाढवला, ओटीपी. आमच्या मोहल्ल्यातल्या एका निवृत्त चाचांनी तो फोनवर कुणालातरी वाचून दाखवला होता आणि पेन्शन गेली होती. वन टाइम पासवर्ड हे पूर्ण रूप त्यांना पाठ होतं.

तार सेवा १४ जुलै २०१३ च्या रात्री बंद झाली. रमजान नुकताच लागला होता, ईद ९ ऑगस्टला आली. त्या ईदला मामूंचा फोन आला आणि पलीकडून ते फक्त एवढंच म्हणाले, "आपा, दोन नंबर."